वयावर खापर फोडून किती दिवस भागणार?

टीनएजमधल्या मुलांचा विषय निघाला की मोठी माणसं दोन वाक्यं हमखास टाकतात. पहिलं, "जाऊ दे रे, वयच तसलं आहे." आणि दुसरं, साधारण पाचेक मिनिटांनी, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." आता गंमत अशी की ही दोन्ही वाक्यं एकदम खरी असूच शकत नाहीत. वयामुळेच होत असेल तर ते वय तुम्हालाही आलं होतं की, तुम्ही काय बाराव्या वर्षावरून डायरेक्ट पंचविशीत उडी मारली? आणि तुमच्या वेळी खरंच नव्हतं, तर मग तो वयाचा दोष कसा, मधल्या काळात दुसरंच काहीतरी बदललंय ना. पण हे कुणी स्वतःला विचारत नाही, कारण दोन्ही वाक्यांचा उपयोग एकच आहे, विषय बंद करायचा आणि आपण आपल्या कामाला लागायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. या वयात मेंदूत आणि शरीरात मोठे बदल होतात हे शंभर टक्के खरं, त्याबद्दल माझं काही भांडण नाही. पण ज्याला आपण वयाचा त्रास म्हणतो त्यातला बराचसा भाग नुसत्या वयाचा नसतो. त्या वयाची गरज एक असते आणि आपण लावून दिलेली व्यवस्था भलतीच असते, त्या दोघांच्या टकरीतून तो त्रास येतो. आणि व्यवस्था मोठ्यांनीच केलेली, तिच्याकडे बोट दाखवायचं म्हणजे स्वतःकडेच दाखवायचं. त्यापेक्षा हार्मोन्स बरे, बिचारे उलट उत्तर देत नाहीत.

ही "वादळी वय" वाली कल्पना तशी जुनी आहे. जी. स्टॅन्ली हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली या वयावर दोन जाडजूड खंड लिहिले आणि हे वय म्हणजे वादळ आणि ताण असं जवळजवळ ठरवूनच टाकलं. पुढे संशोधकांनी फक्त दवाखान्यात आलेल्या मुलांकडे न बघता साध्या, रोज शाळेत जाणाऱ्या मुलांनाच विचारायला सुरुवात केली तेव्हा दिसलं की बहुतेकांचं घरच्यांशी बरं चाललेलं असतं. भांडणं होतात, मूड जातात-येतात, धोके पत्करले जातात, हे सगळं या वयात जास्त होतं खरं, पण प्रत्येकाच्या घरात वादळ यायलाच पाहिजे असा काही नियम नाही. शंभर वर्षं झाली तरी आपण मात्र हॉलसाहेबांनाच धरून बसलोय.

झोपेपासून सुरू करतो, कारण इथे पुरावा सगळ्यात स्वच्छ आहे आणि दुर्लक्षही सगळ्यात जास्त.

वयात येताना शरीराचं आतलं घड्याळ पुढे सरकतं. मेंदूला "आता रात्र झाली" असं सांगणारं मेलाटोनिन नावाचं हार्मोन पूर्वीपेक्षा उशिरा, काही मुलांमध्ये तर दोन-दोन तास उशिरा वाढायला लागतं. म्हणजे जो मुलगा दहाव्या वर्षी नऊ वाजता डुलक्या काढायचा तोच पंधराव्या वर्षी अकराला टक्क जागा असतो आणि त्यात त्याचा काडीचा दोष नसतो. लगेच कुणीतरी म्हणणार, अहो आधी तो मोबाईल काढून घ्या हातातला. मोबाईलने झोप उडते हे खरंच आहे, ते मी नाकारत नाहीये, पण मेरी कार्स्केडन या संशोधक बाईंनी वयात येणं आणि उशिरा झोप लागणं यांचा संबंध दाखवला तो १९९३ साली, आणि तेव्हा मुलांच्या उशाखाली मोबाईल नव्हते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आता करा हिशोब. अकराला डोळा लागला, साडेपाचला उठवलं, झाले साडेसहा तास. रोज दीड-दोन तास कमी, आठवडाभर, वर्षभर, पाच-सहा वर्षं.

हे घरात कसं दिसतं ते बघा. अलार्म तीनदा वाजून बंद झालेला, आईची चौथी हाक, मग पांघरूण ओढलं जातं. पोरगा बाथरूममध्ये जातो, तोंडात ब्रश धरून भिंतीला टेकून उभा राहतो, बाहेरून आवाज येतो, "अरे झोपलास की काय आत?" आणि तो खरंच झोपलेला असतो. पहिल्या तासाला वही उघडी, पेन एकाच जागी टेकलेलं आणि त्याच्याखाली शाईचा ठिपका मोठा होत चाललाय. सर म्हणतात लक्ष नाही याचं. संध्याकाळी धाकट्या बहिणीवर कशावरून तरी खेकसतो, घरचे म्हणतात हल्ली फार चिडका झालाय, वयच तसलं आहे. सलग कमी झोप मिळाली की चाळिशीचा माणूससुद्धा असाच वागतो, फक्त त्याला कुणी हार्मोन्स म्हणत नाही, म्हणतात दमलेत हो साहेब.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका. सिएटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. विरोध करणारे म्हणत होते की काही उपयोग नाही, मुलं तेवढाच वेळ जास्त जागतील. मग मुलांच्या मनगटावर मोजायचं यंत्र बांधून बघितलं तर ती रोज साधारण ३४ मिनिटं जास्त झोपत होती. कॅलिफोर्नियाने तर त्याचा कायदाच केला, २०२२ पासून तो लागूही झाला. मग बाकी ठिकाणी काय अडतं? बसचं वेळापत्रक, पालकांची ऑफिसं, दोन शिफ्टमध्ये चालणारी शाळा, खेळाचं मैदान कधी मोकळं मिळणार, असल्या गोष्टी. या अडचणी खऱ्या आहेत, मी त्यांना फालतू म्हणत नाही. पण मग तसं मोकळेपणाने सांगा ना, की आमच्या बसच्या सोयीसाठी तुमची झोप मोडतोय. अडचण बसची आणि आळशी मात्र मुलगा, हे काही बरोबर नाही.

आता मित्र. "मित्रांच्या नादाला लागून बिघडला" हे वाक्य ऐकलं नसेल असा माणूस सापडायचा नाही. यात खरं किती आहे ते बघायला मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक साधा प्रयोग केला. स्क्रीनवर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की अजून थोडं दामटायचं हे आपण ठरवायचं, जास्त पुढे गेलात तर पॉइंट जास्त पण लाल झाल्यावर आपटलात तर सगळं गेलं. तेरा ते सोळा, अठरा ते बावीस आणि चोवीसच्या पुढचे असे तीन गट, काही जण एकटे खेळले आणि काहींच्या शेजारी त्यांचे मित्र बसवले. मित्र शेजारी असले की लहान वयाचे जास्त धोका घ्यायचे, चोवीसच्या पुढच्यांना त्याने विशेष फरक पडत नव्हता. नंतर मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसलं की मित्र बघतायत एवढं नुसतं कळलं तरी या वयात बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा मेंदूचा भाग जोरात काम करायला लागतो.

यातून आपण काय घ्यायचं? माझ्या मते असं, की या मुलांना परिणाम कळत नाहीत हा आपला समजच चुकीचा आहे. सोळा वर्षांच्या मुलाला शांतपणे एकट्याला बसवून विचारा, तो जवळपास मोठ्या माणसाइतकाच नीट विचार करून उत्तर देतो. त्याला माहीत असतं. माहीत असूनही चार मित्रांसमोर ते बाजूला पडतं. म्हणून आपली ती लांबलचक लेक्चर, "तुला कळत नाही का याचा परिणाम काय होईल", ती वाया जातात, कारण कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यापेक्षा चार मित्र, गाडी आणि रात्रीची वेळ हे तिन्ही एकत्र येणार नाही एवढं बघितलं तरी पुष्कळ. काही देशांत नवीन लायसन्सवाल्या मुलांना गाडीत समवयस्क मित्र बसवायला बंदी असते ती याचसाठी.

आणि मित्रांची ओढ ही काही बिघडल्याची खूण नाही हो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मुलांना आईचा आवाज आणि अनोळखी बायकांचे आवाज ऐकवून मेंदू तपासला. लहान मुलांचा मेंदू आईच्या आवाजाला जास्त दाद देतो, पण तेराच्या आसपास हे उलटतं, अनोळखी आवाज जास्त खेचून घ्यायला लागतात. आईचा आवाज ऐकू येत नाही असं नाही, तो ओळखतात बरोब्बर, पण बाहेरचं जग जास्त महत्त्वाचं वाटायला लागतं. वाटायलाच हवं, नाहीतर माणूस घराबाहेर पडणार कधी आणि स्वतःचं जग उभं करणार कधी. आयांना हे वाचून वाईट वाटेल पण निदान "माझं ऐकतच नाही" याचं दुःख थोडं कमी व्हावं.

पण ओढ एवढी असेल तर तुटल्यावर लागणारही तेवढंच, आणि इथे आपण सगळ्यात जास्त निर्दयपणे वागतो असं मला वाटतं. १४ वर्षांची एक मुलगी घ्या. रात्री जेवताना फोन बघते, तीन मैत्रिणींचे एकत्र फोटो, कुणाचा तरी वाढदिवस, हिला बोलावलेलंच नाही. ती फोन उलटा ठेवते, परत उचलते, फोटो मोठा करून बघते की मागे अजून कोण कोण आहे, घास ताटात तसाच. बाबा विचारतात काय झालं, ती म्हणते काही नाही. दोनदा विचारल्यावर सांगते आणि बाबा म्हणतात, "एवढंच ना! असल्या मैत्रिणी हव्यातच कशाला, अभ्यासाकडे लक्ष दे." बाबांच्या मनात वाईट काही नाही, त्यांना वाटतं आपण धीर दिला. तिला एवढंच कळलं की हे घरात सांगण्यासारखं नव्हतं.

हे "एवढंच" नाहीये. एक साधा कॉम्प्युटरवरचा चेंडू टाकायचा खेळ आहे, संशोधक तो वापरतात, त्यात दोघं जण तुम्हाला थोड्या वेळाने चेंडू टाकायचं बंद करतात, बस, एवढंच. एवढ्याने मोठ्या माणसांनासुद्धा वाईट वाटतं. २००३ मध्ये ते स्कॅन करून बघितलं तर शारीरिक वेदनेच्या वेळी जागा होणारा मेंदूचा एक भाग यातही जागा झालेला दिसला. पुढे टीनएज मुलींना हाच खेळ खेळायला दिला तेव्हा त्यांचा मूड मोठ्या बायकांपेक्षा जास्त पडला. अनोळखी माणसांनी खोटा चेंडू टाकला नाही तर ही गत, मग रोज ज्यांच्या शेजारी बसायचं त्या मैत्रिणींनी टाळलं तर काय होत असेल? आणि तुम्हाला ऑफिसच्या पार्टीला एकट्यालाच बोलावलं नाही तर तुम्ही किती दिवस धुसफुसता हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं!

डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये लिहिलं होतं की या वयाच्या मुलांना वाटतं सगळे आपल्याकडेच बघतायत, एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग त्यांच्या डोक्यात असतो. नाकावर पुटकुळी आली की शाळेतल्या सगळ्यांनी तीच बघितली. तेव्हा मोठी माणसं निदान खरं बोलत होती जेव्हा म्हणायची, अगं कुणाला वेळ आहे तुझं नाक बघायला. आता ते म्हणता येत नाही. आता प्रेक्षक खरे आहेत आणि त्यांची मोजदादही होते, किती जणांनी बघितलं, किती जणांनी लाईक केलं, कोणी बघूनही काही केलं नाही, सगळं आकड्यात समोर. याच वयाला नेमकं हेच हातात द्यावं, याला मी मुलांचा दोष कसा म्हणू? इन्स्टाग्राम चालवणाऱ्या फेसबुक कंपनीच्या स्वतःच्याच अंतर्गत कागदपत्रांमध्ये त्यामुळे काही टीनएज मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल जास्त वाईट वाटतं असं लिहिलेलं होतं, ती कागदं २०२१ मध्ये फेसबुकमधल्याच एका माजी कर्मचारी बाईने बाहेर काढली.

तरी पण, सगळं मोबाईलमुळेच झालं हेही मला पटत नाही, तो हार्मोन्सचाच नवा अवतार आहे. २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासून दोन संशोधकांनी दाखवलं की मुलांच्या बरं-वाईट वाटण्यात जो फरक असतो त्यातला फार तर ०.४ टक्के भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता येतो. अर्थात ही सरासरी आहे, सरासरीत ती फोटो मोठा करून बघणारी मुलगी दिसत नाही, आणि स्क्रीन म्हणजे त्यात सगळंच आलं, मित्राशी गप्पाही आल्या आणि रात्री दोनपर्यंत कुणाच्या तरी शिव्या वाचणंही आलं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या खालच्यांना सोशल मीडियावर खाती ठेवायला बंदी केली, बघू काय होतं. माझा विरोध नाही, पण बंदी घालून मोठी माणसं परत मोकळी होणार याची भीती वाटते. फोन काढून घेतलेल्या संध्याकाळी त्या मुलाने करायचं काय, जायचं कुठे, कुणाबरोबर, हा प्रश्न कोण सोडवणार? बाबा तर समोर बसून स्वतःच्या फोनमध्ये आहेत.

या प्रश्नाचं उत्तर एका देशाने देऊन बघितलं म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांना विचारलं की गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगला होतात का, तर ४२ टक्के मुलं हो म्हणाली. २०१६ मध्ये हाच आकडा ५ टक्क्यांवर आला होता. रोज सिगरेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. मधल्या अठरा वर्षांत हार्मोन्स काही बदलले नाहीत. बदललं काय, तर शाळा सुटल्यावरच्या वेळात खेळ, संगीत, नाच, चित्रकला यांची सोय झाली, ती परवडावी म्हणून पालिकांनी पैसे दिले, १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर एकटं बाहेर राहायचं नाही असा नियम झाला, तंबाखू आणि दारू विकत घ्यायची वयं कडक केली. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे पालकांनी एकमेकांशी बोलून ठरवलं की आपण मुलांबरोबर जास्त वेळ घालवायचा आणि नियम सगळ्या घरांत सारखे ठेवायचे, म्हणजे "बाकीच्यांना जाऊ देतात, मलाच नाही" हे भांडणच संपलं. शिवाय दरवर्षी मुलांना विचारून त्याची आकडेवारी प्रत्येक शाळेपर्यंत पोचवायचे.

आता यावर कुणी म्हणेल छोटा देश आहे, आणि त्याच काळात युरोपात इतर ठिकाणीही मुलांचं पिणं कमी झालं. दोन्ही खरं आहे. सगळं श्रेय त्या योजनेला देता येणार नाही. पण माझ्या मुद्द्याला ते उलट बळच देतं, कारण इतर ठिकाणीही कमी झालं म्हणजे ते "वयच तसलं" नव्हतं एवढं तर नक्की ठरलं.

शाळेतल्या त्रास देण्याचंही तसंच. पीडित मुलाला आपण सांगतो, "तू लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबतील." म्हणजे सुधारायचं कुणी, तर ज्याला मार पडतोय त्याने! कॅनडात संशोधकांनी मैदानावर कॅमेरे लावून बघितलं तर बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती, आणि त्यातल्या कुणी मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, दहा सेकंदांच्या आत तो प्रकार थांबला. दहा सेकंद. फिनलंडमध्ये किवा नावाचा कार्यक्रम याच बघ्यांवर काम करतो, हसणाऱ्यांनी हसायचं बंद केलं की दादागिरीची मजा जाते. नाहीतरी दादागिरी करणाऱ्याला प्रेक्षकच हवे असतात, वर तो गाडीचा खेळ सांगितला ना, तेच सूत्र. मग शाळेने सगळी ताकद त्या एका "बिघडलेल्या" मुलाला शिक्षा करण्यात घालवायची की उरलेल्या तीसजणांवर काम करायचं? दुसरं अवघड असतं, त्याला तास द्यावे लागतात, पोर्शन मागे पडतो. म्हणून शिक्षा होते.

इथपर्यंत मी म्हणतोय की वयाच्या नावाखाली आपण आपली व्यवस्था लपवतो. पण त्याच वाक्याचा दुसरा तोटा जास्त भयंकर आहे, त्याच्याखाली खरा आजारही लपतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात १० ते १९ वर्षांच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. आणि आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होणाऱ्या माणसांपैकी साधारण एक तृतीयांश जणांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि निम्म्यांची अठराव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे नेमकं ज्या वयात लक्षण दिसायला लागतं त्याच वयासाठी आपण "होईल आपोआप नीट" हे वाक्य राखून ठेवलंय.

त्यात मुलांचं डिप्रेशन आपल्या डोक्यातल्या चित्रासारखं दिसत नाही. आपल्याला वाटतं उदास, रडणारं, खिडकीतून बाहेर बघत बसणारं कुणीतरी. डॉक्टर ज्या निकषांवर निदान करतात त्यातच लिहिलंय की लहान आणि टीनएज मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिड असू शकते. विशेषतः मुलगे. मुलग्यांना रडायची परवानगी आपण पाचव्या-सहाव्या वर्षीच काढून घेतलेली असते, रागवायची मात्र असते, मग आत जे काही आहे ते रागाच्या रूपातच बाहेर येतं, दार आपटून, वस्तू फेकून, "मला एकट्याला सोडा" म्हणून. त्याला शिस्त लावली जाते. तो गप्प होतो, सगळ्यांना वाटतं सुधारला.

मग ओळखायचं कसं, सगळीच मुलं दार आपटतात. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करून कळत नाही, त्याच मुलाच्या आधीच्या वागण्याशी करून कळतं. दार आपटलं आणि अर्ध्या तासाने येऊन फ्रिज उघडून उभा राहिला तर काळजी नको. पण दोन आठवडे उलटून गेले आणि ज्या खेळासाठी जीव टाकायचा त्याचे बूट कोपऱ्यात तसेच पडून आहेत, मित्राचा फोन आला तर घेत नाही, जेवण-झोप बिघडलंय, मार्क अचानक पडलेत, "माझा काही उपयोगच नाही" असलं बोलतोय, तर मग ते वय नाही, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायची वेळ आहे. हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर तर लगेच. "लक्ष वेधून घ्यायला करतोय" म्हणतात काही लोक, अहो मग द्या ना लक्ष, त्यासाठी एवढं करावं लागतंय त्याला.

आणि आत्महत्येबद्दल थेट विचारायला लोक घाबरतात, वाटतं आपण विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. असं होत नाही. यावर बराच अभ्यास झालाय, विचारल्याने धोका वाढल्याचं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी शेवटी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. "जीव द्यावासा वाटतो का तुला?" एवढं साधं विचारायचं, आवाज न चढवता, आणि हो म्हणाला तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी मदत घ्यायची. "असले विचार मनात आणायचे नाहीत हं" असं म्हणून विचारलं तर तो नाहीच म्हणणार.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मग काय पोरांना मोकाट सोडायचं, शिस्त नको, सगळं समजूनच घ्यायचं? मी तसं कुठे म्हटलंय. आइसलँडने रात्री दहाचा नियम केला, त्याला काय मोकाट सोडणं म्हणतात? नियम पाहिजेत, चांगले कडक पाहिजेत, फक्त ते कशासाठी आहेत हे मुलाला माहीत हवं आणि ते मोडल्यावर काय होणार हेही आधी माहीत हवं, त्या दिवशी बाबांचा मूड कसा आहे त्यावर ते ठरू नये.

नियम आणि पाळत यात मात्र लोक घोळ करतात. हल्ली फोनवर लोकेशन बघायचं, मेसेज गुपचूप वाचायचे, पासवर्ड घेऊन ठेवायचे, हे म्हणजे जागरूक पालक असं झालंय. स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून २००० साली एक गोष्ट दाखवली, तिची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तेवढी झालीच नाही. त्याआधीचे अभ्यास सांगायचे की ज्या पालकांना मुलं कुठे जातात, कुणाबरोबर असतात हे माहीत असतं त्यांची मुलं कमी वाह्यात निघतात, त्यावरून सगळ्यांनी काढलं की लक्ष ठेवा, पाळत ठेवा. यांनी विचारलं की बाबा ही माहिती पालकांना मिळते कुठून? तर चौकश्या करून किंवा बंधनं घालून फार थोडी मिळत होती, मुख्यतः मुलं आपणहून सांगत होती म्हणून मिळत होती.

म्हणजे सगळा प्रश्न मूल आपणहून सांगेल का यावर येऊन थांबतो आणि ते त्याने मागच्या वेळी सांगितलं तेव्हा काय झालं यावर ठरतं. वाढदिवसाला बोलावलं नाही हे सांगितल्यावर "एवढंच ना" ऐकायला मिळालं होतं. गणितात नापास झालो हे सांगितल्यावर दोन तास ऐकून घ्यावं लागलं होतं, वर ते आत्यालाही फोन करून कळवलं गेलं. मग पुढच्या वेळी, मित्राने सिगरेट पुढे केली होती, काय करायचं कळलं नाही, हे सांगायला तो कशाला येईल? तो सांगत नाही, आई-बाबा अॅप उघडून बघतात, लोकेशन क्लासचंच दाखवतंय, त्यांना वाटतं सगळं ठीक चाललंय.